‘फुकट ट्रायल’चं पार्सल मागवण्याआधी : वजन घटवणाऱ्या गोळ्या-पावडरींच्या सापळ्यातून पैसे आणि तब्येत कशी वाचवावी

‘पहिली बाटली फुकट, फक्त ९९ रुपये डिलिव्हरी.’ वजन घटवणाऱ्या गोळ्यांची, पावडरीची किंवा ‘फॅट बर्नर’ चहाची अशी जाहिरात दिसली की आपण बाटलीकडे बघतो. विकणाऱ्याला मात्र तुमच्या खात्यातून दर महिन्याला पैसे काढण्याची परवानगी हवी असते, आणि ९९ रुपये भरताना ती परवानगी आपण आपल्याच बोटाने देऊन टाकतो. हा लेख त्या परवानगीविषयी आहे. ती कुठे मागितली जाते, ती देणं कसं टाळायचं, आणि दिली गेलीच असेल तर ती कशी आणि कोणत्या क्रमाने तोडायची.

हा धंदा जुना आहे आणि जगभर चालतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०११ साली असाई बेरी या फळाच्या गोळ्यांची जाहिरात करणाऱ्या दहा जणांवर दावे ठोकले होते. त्यांनी बातम्यांच्या संकेतस्थळासारखी दिसणारी बनावट पानं तयार करून ‘आमच्या पत्रकार बाईंनी स्वतः वापरून बघितलं’ अशा थापा मारल्या होत्या. आज तोच प्रकार आपल्याकडे मराठी-हिंदीत येतो. ओळखीचा चेहरा, एखाद्या वाहिनीसारखा लोगो आणि पांढरा कोट घातलेला डॉक्टर. त्या डॉक्टरचा आवाज आणि ओठांची हालचालही आता संगणकावर बनवता येते. त्यामुळे व्हिडिओत कोण बोलतंय यावरून काहीही ठरवू नका.

सापळा कसा चालतो

समजा, गोव्यात फोंड्यातल्या एका ताईंनी १४ दिवसांची ट्रायल मागवली. त्यांना वाटतं, बाटली हातात आली की १४ दिवस मोजायचे. अटींमध्ये मात्र लिहिलेलं असतं की मुदत ऑर्डर दिल्या दिवसापासून सुरू होते. पार्सल यायला सात-आठ दिवस जातात. पावसात आणखी उशीर होतो, आणि घर बंद असेल तर कुरिअरवाला ते वाड्यावरच्या दुकानात ठेवून जातो. बाटली उघडेपर्यंत मुदत संपत आलेली असते. मग पूर्ण किमतीचे दोन-तीन हजार रुपये कापले जातात, दुसरी बाटली रवाना होते आणि पुढच्या महिन्यात तिसरी. रद्द करायला फोन लावला तर तो उचलला जात नाही, किंवा ‘उघडलेली बाटली परत घेत नाही’ असं उत्तर मिळतं.

यातल्या बहुतेक गोष्टी भारतात नियमबाह्य आहेत, हे ठाऊक असलं तर भांडायला बळ येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधात, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरोधात, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा फसवे प्रकार नाव घेऊन सांगितले आहेत. ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे सदस्यत्व घेणं सोपं आणि सोडणं अशक्यप्राय करून ठेवणं, हा त्यांतलाच एक. ‘फक्त तीनच बाटल्या शिल्लक, ०४:५९ मिनिटं उरली’ ही खोटी घाई हा दुसरा. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं हा तिसरा. त्याच प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या जाहिरातविषयक तत्त्वांत ‘फुकट’ या दाव्यालाही मर्यादा घातली आहे. डिलिव्हरीचा खर्च घेता येतो, पण पॅकिंग, हाताळणी किंवा प्रशासकीय खर्च या नावाखाली पैसे घेऊन वस्तूला फुकट म्हणता येत नाही. बिलात ‘हँडलिंग चार्ज’ दिसला की तिथेच थांबा.

ऑर्डर देण्याआधी बघायच्या गोष्टी

आधी पानाच्या तळाशी जा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दिलेलं असावं लागतं. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. नुसताच फॉर्म किंवा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक असेल आणि पत्ता नसेल, तर पुढचं काही वाचायचीही गरज नाही.

पत्ता असेल तर अटींचं पान उघडा. सगळं वाचायला कुणाला वेळ नसतो, म्हणून ब्राउझरच्या ‘पानात शोधा’ या सोयीने ‘ट्रायल’, ‘रिन्यू’, ‘सबस्क्रिप्शन’, ‘कॅन्सल’, ‘रिफंड’ हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने शोधा. चार उत्तरं मिळायला हवीत : मुदत कधी सुरू होते, संपल्यावर नेमके किती रुपये कापणार, रद्द कसं करायचं, आणि उघडलेली बाटली परत घेणार का. यातलं एकही उत्तर धूसर असलं तर मी तरी ती ऑर्डर देणार नाही. ज्याला खरोखर नमुना द्यायचा असतो, त्याला या चार गोष्टी लपवायचं कारण नसतं.

आधीच टिक केलेले चौकोनही बघा. त्याच नियमांनुसार खरेदीसाठी ग्राहकाची संमती आधीच टिक करून गृहीत धरता येत नाही. तसा चौकोन दिसला तर टिक काढून पुढे जाण्यापेक्षा पान बंद करा.

मग एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक. तो बाटलीच्या फोटोवर असायलाच हवा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ पोर्टलवर तो टाकून बघा. परवाना कोणाच्या नावावर आहे, पत्ता कुठला आहे, चालू आहे का, हे दिसतं. नाव वेगळं निघालं किंवा क्रमांकच सापडला नाही तर विषय संपला. माल परदेशी असेल तर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक लेबलवर लागतो.

इथे एक गैरसमज आहे, तो मला फार घातक वाटतो. हा क्रमांक खरा निघाला म्हणजे सरकारने त्या गोळीच्या गुणाची हमी दिली, असं होत नाही. तो धंद्याचा परवाना आहे. ‘महिन्यात पंधरा किलो घटवा’ या दाव्यावर कुणी शिक्का मारलेला नसतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही डॉक्टर सांगतात ती सुरक्षित गती. तिच्या कित्येक पट वेग सांगणारी जाहिरात तेवढ्यावरच बाद समजा. लठ्ठपणावर औषध म्हणून जाहिरात करायलाच १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. त्या कायद्याच्या अनुसूचीत लठ्ठपणाही आहे आणि मधुमेहही.

पैसे भरण्याचा पडदा : इथेच सगळं ठरतं

वरचं सगळं विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका.

यूपीआयने एकदाच पैसे देताना पडद्यावर रक्कम, घेणाऱ्याचं नाव आणि पिन एवढंच असतं. ऑटोपेचं मँडेट, म्हणजे पुढेही आपोआप पैसे कापायची परवानगी, देताना त्यात आणखी ओळी येतात : ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हा शब्द, ‘मंथली’ किंवा ‘अ‍ॅज प्रेझेंटेड’ (विक्रेता मागेल तेव्हा) अशी वारंवारता, सुरुवात आणि शेवटची तारीख, आणि सगळ्यात महत्त्वाची ‘कमाल रक्कम’. आज एक रुपया किंवा ९९ रुपये जाणार असतात, पण कमाल रकमेपुढे ५,००० लिहिलेलं असतं आणि शेवटची तारीख कित्येक वर्षं पुढची असते. पिन एकच, पण तो टाकलात की त्या मर्यादेपर्यंत पुढे पुन्हा पिन विचारला जाणार नाही. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा आवर्ती व्यवहारांना दरवेळी पिन किंवा ओटीपी लागत नाही. ‘पैसे परत येणार आहेत, फक्त खातं तपासायला एक रुपया’ असं सांगितलं तर तो एक रुपया मँडेटसाठीच आहे असं धरून चाला.

कार्डासाठीही रिझर्व्ह बँकेची हीच चौकट आहे. ती १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू झाली. पहिल्यांदा नोंदणी करताना ओटीपी आवश्यक आहे, आणि नंतर प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं. त्या संदेशात विक्रेत्याचं नाव, रक्कम, तारीख आणि नको असल्यास थांबवायची सोय असते. आपण बँकेचे संदेश न वाचता सरकवून टाकतो, आणि तो २४ तासांचा दरवाजा बंद होतो. तुमच्या बँकेला सध्याचा मोबाईल क्रमांक माहीत आहे ना, हे एकदा बघून घ्या. घरात आई-वडिलांच्या खात्याला जुना, बंद पडलेला क्रमांक जोडलेला असणं फार सर्रास आढळतं.

परदेशी विक्रेता असला तर धोका वेगळा. परदेशातल्या संकेतस्थळांवर बऱ्याचदा ओटीपी न मागताच कार्डावरून पैसे निघतात. म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचे ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ बंद ठेवा. २०२० पासून ही चालू-बंदची सोय आणि मर्यादा ठरवण्याची सोय बँकांनी द्यायची आहे.

गोव्यात याला आणखी एक बाजू आहे. घरातला कुणी बोटीवर असतो, कुणी आखातात, कुणी इंग्लंडमध्ये, आणि त्यांच्या तिकडच्या बँकेचं कार्ड घरच्या खरेदीला वापरलं जातं. त्या कार्डाला आपल्या रिझर्व्ह बँकेचे हे नियम लागत नाहीत. ना २४ तास आधीचा संदेश, ना ओटीपीची खात्री. अशा कार्डाने कुठलीही ट्रायल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घेतली गेली असेल तर ब्रिटनमधल्या कार्डधारकाने विक्रेत्याची वाट न बघता थेट आपल्या बँकेला सांगून ती आवर्ती परवानगी रद्द करवावी. बँकेला ते ऐकावं लागतं. मास्टरकार्डनेही २०१९ मध्ये नियम केला की वस्तूची मोफत ट्रायल संपल्यावर पूर्ण किंमत कापण्याआधी विक्रेत्याने ग्राहकाची पुन्हा मंजुरी घ्यायची, रक्कम आणि रद्द करण्याची पद्धत कळवायची. बँकेत वाद नोंदवताना या नियमाचा उल्लेख करा.

कॅश ऑन डिलिव्हरी त्यातल्या त्यात बरी, कारण परवानगी जात नाही. पण तिथे न मागवलेलं पार्सल येण्याचा प्रकार घडतो. तुम्ही एखाद्या पानावर नाव-पत्ता भरून मध्येच सोडून दिलेलं असतं, आणि चार दिवसांनी कुरिअरवाला १,४९९ रुपये मागत दारात उभा राहतो. तुम्ही कामावर असता, सासूबाई घरी असतात, ‘सुनेचं काहीतरी असेल’ म्हणून त्या पैसे देऊन टाकतात. घरात एकच नियम ठेवा : मागवणाऱ्याने आधी सांगितलं नसेल तर पैशांचं पार्सल घ्यायचं नाही. नकार देणं हा तुमचा हक्क आहे, कुरिअरवाल्या पोराशी त्यावरून वाद घालायचीही गरज नाही.

बाटलीत काय असतं

पैशांपेक्षा मला या भागाची काळजी जास्त वाटते. ‘शंभर टक्के हर्बल’ लिहिलेल्या वजनाच्या गोळ्यांत सिब्युट्रामीन हे औषध लपवून घातलेलं अनेक देशांच्या तपासण्यांत वारंवार सापडलं आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपात ते बाजारातून काढलं गेलं, आपल्याकडेही त्यावर बंदी आहे. लेबलवर त्याचं नाव नसतं, त्यामुळे रक्तदाबाचा रुग्ण नकळत ते घेत राहतो. गोळी सुरू केल्यावर छातीत धडधड, झोप उडणं, रक्तदाब चढणं असं काही झालं तर गोळी ताबडतोब बंद करा आणि बाटलीसकट डॉक्टरकडे जा. बाटली फेकू नका.

दुसरं नाव गार्सिनियाचं. वजनाच्या कितीतरी गोळ्यांत गार्सिनिया कंबोजियाचा अर्क असतो. हे झाड आपल्या भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, कुळातलं आहे, आणि विक्रेते त्याचाच फायदा घेतात : ‘तुमच्या स्वयंपाकघरातलंच तर आहे.’ आमटीत घातलेली चार सोलं आणि रोज पोटात जाणारा दाट अर्क यांत फार अंतर आहे. अशा अर्कांच्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डोळे किंवा लघवी पिवळी दिसणं, भूक मरणं, उजव्या बरगडीखाली दुखणं ही लक्षणं थांबून बघण्यासारखी नसतात. मधुमेह, थायरॉइड, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण, अंगावर पाजणं यांपैकी काही असेल तर ट्रायलचा विचारच नको. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला लेबलचा फोटो दाखवा.

बाटलीविषयी संशय असेल तर तक्रार बांबोळीतल्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात करता येते. गोव्यात अन्न आणि औषध दोन्ही एकाच संचालनालयाकडे असल्याने ‘हे आमचं नव्हे, तिकडे जा’ हा फेरा वाचतो. सीलबंद बाटली, पार्सलचं वेष्टन आणि बिल जपून ठेवा.

परवानगी दिली गेली असेल तर : कामाचा क्रम

आधी विक्रेत्याला फोन लावू नका. बहुतेक जण इथेच दिवस घालवतात. सुरुवात स्वतःच्या खात्यापासून करा.

यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट्स’ हा विभाग उघडा, त्या विक्रेत्याचं मँडेट शोधा, आणि ‘पॉज’ न करता ‘रिव्होक’ किंवा ‘कॅन्सल’ करा. पॉज केलेलं मँडेट पुन्हा जागं होतं. एकापेक्षा जास्त यूपीआय अ‍ॅप असतील तर ज्या अ‍ॅपमधून पैसे दिले तेच उघडा. कार्ड असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये ई-मँडेटची यादी असते, तिथून रद्द करा. कार्ड ब्लॉक करून नवं घेतलं म्हणजे जुनी परवानगी आपोआप मेली असं समजू नका, बँकेकडून लेखी खात्री घ्या.

मग पुरावे. जाहिरात, अटींचं पान, ऑर्डरचा ईमेल, मँडेटचा पडदा, पैसे कापल्याचा संदेश, सगळ्यांचे तारीख दिसतील असे स्क्रीनशॉट काढा. ही पानं एका रात्रीत गायब होतात.

त्यानंतर विक्रेत्याला ईमेल. फोनवर बोलणं झालं तरी लेखी हवंच. मजकूर एवढा पुरे :

‘माझा ऑर्डर क्रमांक … , दिनांक … . ट्रायल आणि त्यापुढील सर्व पुरवठा मी आजपासून रद्द करत आहे. माझ्या खात्यातून यापुढे कोणतीही रक्कम घेण्यास माझी संमती नाही. दिनांक … रोजी घेतलेले … रुपये परत करावेत. यापुढे पाठवलेलं पार्सल स्वीकारलं जाणार नाही. पोच ४८ तासांत द्यावी.’

त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. कार्डाचा व्यवहार असेल तर ‘चार्जबॅक’ किंवा ‘डिस्प्यूट’चा, म्हणजे गेलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याचा, फॉर्म मागा. कारणात ‘आवर्ती व्यवहार रद्द केल्यानंतरही पैसे घेतले’ किंवा ‘अटी स्पष्ट न सांगता पैसे घेतले’ असं नेमकं लिहा. कार्ड कंपन्यांची मुदत साधारण १२० दिवसांची असते, पण तेवढं थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाने तुमच्या संमतीशिवाय केलेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, चार ते सात दिवसांत कळवला तर मर्यादित. तुम्ही स्वतः पिन टाकून मँडेट दिलं असेल तर बँक यावर बोट ठेवेल. अशा वेळी ‘संमती फसवून घेतली’ हे स्क्रीनशॉटसह मांडावं लागतं. खोटं बोलून ‘मी काही केलंच नाही’ असं लिहू नका, नोंदी बँकेकडे असतात आणि मग खरी बाजूही पडते.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या ‘सीएमएस’ या तक्रार पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

१९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन यांत लोकांचा गोंधळ होतो. संकेतस्थळ बनावट होतं, मालच आला नाही, कार्डाचा तपशील चोरला गेला, खात्यातून भलतीच रक्कम गेली : तर १९३०, तेही पहिल्या काही तासांत, कारण पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येतात. रायबंदरला गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं आहे, तिथे पुराव्यांसह जाता येतं. विक्रेता खरा आहे, माल आला, पण सदस्यत्वात अडकवलं : तर १९१५. कोणत्या खान्यात बसतं ते कळत नसेल तर दोन्हीकडे नोंदवा.

तरीही पैसे अडले तर जिल्हा ग्राहक आयोग. उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा असे आपले दोन आयोग आहेत. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. दोन-तीन हजारांसाठी एवढं कोण करतो, या हिशोबावरच हे विक्रेते जगतात. त्यामुळे जमेल त्याने ही तक्रार जरूर करावी.

नंतर येणारे फोन

तक्रार केल्यावर काही दिवसांनी ‘तुमचा रिफंड मंजूर झालाय’ असा फोन येऊ शकतो. तुमचा ऑर्डर क्रमांकही तो बरोबर सांगेल, कारण ही यादी विकली जाते. स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाका, क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, यांपैकी काहीही सांगितलं की फोन ठेवा. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘सदस्यत्वाचे पैसे थकलेत, कायदेशीर नोटीस येईल’ अशी धमकी देणारेही असतात. त्यांना तुम्ही पाठवलेल्या ईमेलची तारीख सांगा आणि बाकी जे असेल ते लेखी पाठवायला सांगा. असे क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सोयीवर नोंदवता येतात.

पुढचे दोन-तीन महिने खात्याचं स्टेटमेंट दर आठवड्याला बघा. विक्रेता तीच रक्कम थोड्या वेगळ्या नावाने पुन्हा काढू बघतो, आणि कधी ती मुद्दाम शंभर-दोनशेची ठेवतो. तशी नोंद दिसली तर आधीच्या तक्रार क्रमांकाचा उल्लेख करून बँकेला त्याच दिवशी कळवा.